धोंड्याची मोटर

न्हाई, तुमीच सांगा, भरल्या ताटावरून उठू नये हे मला मान्य हाय, पण मांडीवर मोटर ठेवल्यावर माणसानं उठायचं तरी कसं? मोटर! विहिरीवर असते ना पाणी उपसायची, तसली, लोखंडी, काळीकुट्ट, गुडघ्याएवढी, तिला वरून हळदकुंकू, झेंडूचा हार, अन् ती माझ्या मांडीवर! मी पाटावर बसलेला, डोक्यावर टोपी, अंगावर उपरणं, हातात अनारशाचं ताट, ताटात पेटलेला दिवा, समोर सासरची सगळी भावकी मोबाईल धरून उभी, अन् सासूबाई म्हणतात, "जावई, जरा हसा की, फोटू काढायलेत." हसा? अहो माझे दोन्ही पाय झोपले होते! कमरेच्या खाली मी हाय का न्हाई हेच मला कळंना, अन् ह्यांना हसायला पाहिजे!

तुम्हाला सांगतो, यंदा अधिक महिना आला. धोंड्याचा महिना! लेक दिलेली हाय त्यानं जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे अन् वाण द्यायचं. तीन वर्षांतून एकदा जावई म्हणजे साक्षात नारायण! ऐकायला लई बरं वाटतं. पण नारायणाला बोलता येत न्हाई, ही गोष्ट कुणी आधी सांगत न्हाई! नारायणानं पाटावर बसायचं, देतील ते घ्यायचं अन् हसायचं. अन् अधिकातलं वाण एकदा घेतलं की ते बदलता येत न्हाई, विकता येत न्हाई, कुणाला देता येत न्हाई... वाण हाय ते! परत करता येत न्हाई!

आता तुम्ही म्हणाल, ह्याला मोटर कशाला पाहिजे होती? तिथंच तर सगळं दुखणं हाय. मी दयानंद, लातूरला शाळेत चित्रकला शिकवतो. सर म्हणतात मला सगळे, सासरे बी सरच म्हणतात. तर मला नाद हाय लाकडाचा. गच्चीवर पत्र्याचं शेड मारलंय, त्यात मी स्वतःच्या हातानं एक मशीन बनवली, नक्षीची. साधी खराद तुम्ही बघितली असेल, लाटणं-भोवरे करतात ती, तिथं लाकूड गरागरा फिरतं अन् माणूस पटाशी धरून उभा राहतो. माझ्या मशीनचं सगळं उलटं! लाकूड फिरतं हळू, अगदी हळू, झोपेत कूस बदलल्यासारखं, अन् बाजूनं एक बोटाएवढं कटर भिंगरीवानी फिरत येतं अन् लाकडावर पाकळी कोरतं, पाकळीशेजारी पाकळी, पाकळीवर जाळी... काय देखणं काम होतं म्हणून सांगू! म्हणजे होणार होतं. कारण कटरला मी जुन्या मिक्सरची मोटर जोडली होती, ती कशीबशी चालायची, जरा काम केलं की जळका वास मारायची. अन् लाकूड फिरवायला काहीच नव्हतं. तिथं पाहिजे होती एक हळू मोटर. मिनिटाला पंचवीस फेरे. बस्स! पंचवीस! ह्याच्यापेक्षा कमी मागणं कुण्या जावयानं आजवर मागितलं असेल का हो?

अन् तोंड माझंच आगाऊ! बायकोची धाकटी बहीण वर्षाराणी, पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. निलंग्याजवळ गाव हाय सासुरवाडीचं. मागं गेलो होतो तेव्हा सगळे बसले होते, बारशाचं बोलणं चाललं होतं, पाळणा आणायचा कुठून, भाड्यानं आणायचा का विकत, अन् मी चहा पिता पिता म्हणून बसलो, "पाळणा माझ्याकडं लागला. चारही खांब नक्षीचे. किनवटच्या सागवानाचे!" लगेच वर्षाराणी, "दाजी, खरंच?" सासूबाईंच्या डोळ्यात पाणी. सगळ्या गावात झालं, सर पाळणा करायलेत, हातानं करायलेत. झालं! आता पाळणा न्हाई झाला तर मी तोंड दाखवायला जाऊ कुठं? बाळ काय माझ्या मोटरीची वाट बघत आत थांबणार हाय का?

तर धोंड्याच्या आधी सासऱ्यांचा फोन. शेषेराव नाव त्यांचं, मी मामा म्हणतो. वय झालंय पण आवाज असा, की फोन कानाला लावायची गरज न्हाई.

"सर! यंदा धोंड्याला काय देऊ? लाजू नका!"

मी म्हणलं, "मामा, काहीच नको." तर इकडून पूनमनं, बायकोनं, असा चिमटा काढला दंडाला, "सांगा की! खामखा घरातली चांदी वाढवण्यापरीस मोटर मागा!" म्हणून मी म्हणलं, "मामा, द्यायचंच तर मशीनला एक मोटर द्या. हळू फिरणारी."

हॅलो, मामा, हॅलो... मला वाटलं रेंज गेली.

"सर," मामा एकदम बारीक आवाजात, "आमचं काही चुकलं का?"

"न्हाई मामा, तसं काय..."

"मंग हळू का म्हनलात? आमच्या खानदानात जावयाला कुनी हळू वस्तू दिल्याली न्हाई! शेषेरावानं धोंड्यात जावयाला हळू मोटर दिली म्हनून गावात झालं, तर मी चार मानसात बसू कसा?"

मी समजावलं. लई समजावलं. लाकूड हळू फिरतं, कटर जोरात फिरतं, मिनिटाला पंचवीसच फेरे लागतात... तर मामा हसायला लागले. "पंचवीस? अवं सर, पंचवीस तर मी हातानं फिरवीन की! त्याला मोटर कशाला पायजे? तुमी गप बसा. मोटरीतलं तुमाला काय कळतंय? हयात गेली माझी मोटरीत!"

हे मात्र खरं हाय बरं का. आपल्या मराठवाड्यात ज्याच्या शेतात विहीर न्हाईतर बोअर हाय त्याला मोटरीतलं सगळं कळतं, अन् ज्याच्या शेतात न्हाई त्याला त्याच्याहून जास्ती कळतं! पण ते सगळं पाण्याच्या मोटरीतलं! मोटर म्हणजे पाणी, पाणी म्हणजे जोर, जोर म्हणजे स्पीड. ह्याच्या पुढं कुणी जायलाच तयार न्हाई. मग काय, मामांनी निलंग्याच्या दुकानात जाऊन दुकानदाराला विचारलं, सगळ्यात जोरात फिरणारी कोणती? ती बांधा! मिनिटाला अठ्ठावीसशे ऐंशी फेरे! मागितले किती? पंचवीस! दिले किती? अठ्ठावीसशे ऐंशी! दिलदारीला काही मर्यादा हाय का न्हाई?

अन् पाटावर बसल्या बसल्या मी ती पाटी वाचली मोटरीवरची. मांडीवरच होती की, दुसरं वाचायला होतं काय? वाचलं अन् तोंडातला धोंडा तोंडातच राहिला. मी हळूच म्हणलं, "मामा, ही तर..." तर मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हाव! सगळ्यात फास हाय! घ्या!" भावकीनं टाळ्या वाजवल्या. मी हसलो. फोटो निघाला. तो फोटो आजबी सासऱ्यांच्या मोबाईलवर पहिला दिसतो, मी दात काढलेले, पण डोळे बघा माझे... डोळे बघा एकदा!

बरं, परतीचा प्रवास. एस.टी.नं. मी म्हणलं हार तरी काढू. पूनम म्हणाली, "वाणाचा हार वाटेत काढायचा नसतो." म्हणजे मी एस.टी.त बसलेलो, अन् माझ्याशेजारी हार घातलेली मोटर. एक म्हातारी चढली, तिनं आधी मोटरीला हात जोडले अन् मगच जागा शोधली. कंडक्टर आला, बघतच राहिला. "सर, ह्ये कोन्ता देव हाय?" मी म्हणलं, "मोटर हाय." "कुटं बसवायलात?" "गच्चीवर." तर तो म्हणतो, "गच्चीवर? तिथं कुठलं आलं पानी? फसवलं तुमाला." फसवलं! म्हणजे ह्या माणसाला सुद्धा कळलं, अन् मला बोलता येत न्हाई!

घरी आल्यावर पूनमला म्हणलं, आपण ही गुपचूप दुकानात देऊ अन् हळू मोटर घेऊ, मामांना काय कळतंय? तुम्हाला सांगतो, ज्या नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं ना, तसं लग्नात अंतरपाट काढल्यावर बी बघितलं नव्हतं. "वाण बदलता? माझ्या बापानं एवढ्या मायेनं दिलेलं, दिवा लावून दिलेलं, दुकानात नेऊन टाकता? तुम्ही परत केलं तर त्यांचं पुण्य बी परत जातं, माहीत हाय का?" आता पुण्याच्या हिशोबात मी काय बोलणार? माझा विषय चित्रकला. वाण हाय! परत करता येत न्हाई!

मग मी गेलो रामलिंगकडं. रामलिंगचं मोटर भरायचं दुकान हाय, सगळ्या पंचक्रोशीच्या जळक्या मोटरी त्याच्याकडं. म्हणलं, रामलिंग, हिची स्पीड कमी कर. त्यानं हातातली तार खाली ठेवली. "सर, कमी? म्हंजे जास्ती ना?" "कमी." "कमी म्हंजे... पानी किती इंची फेकायचं हाय?" "पाणी न्हाई रे, लाकूड फिरवायचंय." "लाकूड. बरं. किती फूट खोल हाय?" मी म्हणलं खोल न्हाई, लाकूड आडवं असतं. "आडवी लाइन हाय म्हना की! मग तर जोर पायजेच की ओ सर!" कपाळावर हात मारला मी. तर तो मलाच समजावायला लागला, मायेनं, खांद्यावर हात ठेवून, "सर, लोक माझ्याकडं जोर वाढवायला येतात. चांगल्या मोटरीचा जोर मारायचं पाप मी कसं करू? नवीकोरी हाय, हळदकुंकू लावल्यालं हाय... घेऊन जावा." अन् उठून पाया पडला मोटरीच्या!

शेवटी मी म्हणलं, लावून तर बघू. सरळ लावू मशीनला, चालू झाल्या झाल्या बंद करू. हे डोक्यात येणं हीच चूक. पण उन्हाळ्याची सुट्टी, गच्चीवरचं पत्र्याचं शेड, डोकं तापलेलंच होतं. किनवटहून पाळण्याचे चार खांब अन् एक जादाचा तुकडा आणलेला होता. तो जादाचा तुकडा मशीनला लावला. देवाचं नाव घेतलं. बटन दाबलं.

तुम्हाला सांगतो... तो तुकडा मी परत बघितलाच न्हाई! म्हणजे समोर होता, अन् मग समोर नव्हता. मधी फक्त एक आवाज. शेडच्या पत्र्याला भगदाड, त्या भगदाडातून लख्ख ऊन, अन् त्या उन्हात मला दिसली शेजाऱ्यांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, अन् टाकीतून निघालेली धार. लातूरमध्ये! मे महिन्यात! नळाला पाणी आलेल्या दिवशी! अहो किती दिवसांनी पाणी येतं इथं, ते तुम्हाला कशाला सांगू? दुसऱ्या गावात माणूस शेजाऱ्याला म्हणेल, तुझं डोकं वाचलं, नशीब. इथं शेजारी माधवराव धावत गच्चीवर आले अन् धारेखाली आधी बादली लावली, मग घागर, मग पातेलं, मग चहाचं भांडं, अन् सगळं भरल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "दयानंदराव, माझ्या पायावर पडलं असतं तर मी काही बोललो नसतो!" निवृत्त हेडमास्तर हाय माणूस, शिवी देत न्हाई. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नवी टाकी येईपर्यंत रोज सकाळी माझ्या टाकीतलं पाणी त्यांच्याकडं अन् त्यांचं बघणं माझ्याकडं.

आता जादाचं लाकूड संपलं. राहिले चार खांब, अन् पाळण्याला लागतात चार. एक जरी उडाला तर पाळणा तीन पायांचा! अन् गावाकडून वर्षाराणीचा फोन, "दाजी, डॉक्टरांनी सांगितलंय, कवाबी होईल. झाला का पाळणा?" मी म्हणलं, "होत आलाय." काय होत आलाय? शेजाऱ्याशी भांडण होत आलंय!

मग मी शहाणपण केलं. छोटं चाक, मोठं चाक, मधी पट्टा, परत छोटं चाक, परत मोठं चाक, परत पट्टा... अशी उतरंड लावली. मोटर तिकडं बोंबलत फिरती, अन् इकडं येईपर्यंत तिचा सगळा जोर चाकांमधी जिरतो, अन् लाकूड फिरतंय हळूऽऽ... हळूऽऽ... मिनिटाला पंचवीस! अहो मला रडू यायचं बाकी होतं! मी पूनमला हाक मारली, ये, बघ, जमलं, जमलं...

अन् पूनमच्या मागून मामा वर आले.

म्हाताऱ्या माणसांना एस.टी. फुकट केली ना सरकारनं, ती चांगलीच गोष्ट हाय, मी काही म्हणत न्हाई. पण जावयाचा विचार कुणी केला का? मामा काय, कवाबी बसतात, कवाबी उतरतात. आले, टोपी काढली, घाम पुसला, अन् लाकडाकडं बघत राहिले. लाकूड फिरतंय हळूऽऽ. मामांचा चेहरा उतरत गेला.

"आजारी हाय का ओ मोटर?"

"न्हाई मामा, मोटर झकास हाय, ही चाकं लावून मी स्पीड..."

"मारली." खाली बसले मामा. "मी सगळ्यात फास दिली अन् तुमी तिला मारली. सर, माझी मोटर तुमच्या नजरेत बसली न्हाई म्हना की सरळ."

मामा दुपारी जेवले न्हाईत. पूनम माझ्याशी बोलंना. सासूबाईंचा फोन, "जावई, म्हातारं मानूस हाय, हौसंनं दिल्यालं..." मी तरी काय करू हो? एकीकडं पाळणा, एकीकडं सासरा, खाली बायको, शेजारी माधवराव पातेलं घेऊन उभे... गच्चीवरून उडी मारली तरी सुटका न्हाई, खाली माझीच स्कुटी! मी शेवटी चाकं काढून टाकली सगळी. मामांच्या देखत. म्हणलं, नको. अन् दुसरी हळू मोटर आणू का, असं नुसतं पुटपुटलो, तर मामा, "माझी असताना दुसरी? म्हंजे सवत आनता व्हय?" वाण हाय! परत करता येत न्हाई, चालवता येत न्हाई, तिच्याशेजारी दुसरी बसवता बी येत न्हाई!

अन् बसलो मशीनपुढं. मिक्सरची मोटर उगंच चालू केली, कटर कुरकुरायला लागलं, जळका वास सुटला. मामा म्हणाले, "ह्ये काय मरतुकडं लावलंय? ह्याला जोर पायजे की." अन् माझ्या डोक्यात लखकन... अहो कटर! कटरला तर स्पीडच पाहिजे! जितकी देशील तितकी! मी तीन ताड उडालो. मोटर वर शेडच्या लोखंडी आडव्याला टांगली, तिचा पट्टा खाली कटरला दिला, बटन दाबलं अन् कटर असं गायला लागलं म्हणता! मामांची छाती फुगली. "बघा! मी काय म्हनत होतो? स्पीड पायजे!" म्हणलं, बराबर हाय मामा, तुम्ही म्हणत होता तेच बराबर.

पण लाकूड? लाकूड कोण फिरवणार? त्याला मी हातानं फिरवायचा दांडा बसवला. माझे दोन्ही हात तर कटरच्या मागं. पूनमला म्हणलं, ती म्हणाली, "मी पोळ्या लाटू का तुमचं लाकूड फिरवू?" अन् मी मामांकडं बघितलं. मामा दुसरीकडं बघायला लागले. मी म्हणलं, "मामा, मागं फोनवर तुम्ही म्हणला होता, पंचवीस तर मी हातानं फिरवीन."

"म्हनलो होतो," मामा म्हणाले. बाही वर केली अन् बसले.

पहिल्यांदा त्यांनी असं फिरवलं, जसं काही बैल पळायलेत! मी ओरडलो, मामा, हळू, खांब जाईल! "ह्याच्याहून हळू?" ह्याच्याहून हळू. "अजून?" अजून. तुम्हाला सांगतो, त्या माणसाला हळू होणं इतकं जड गेलं, कपाळाला घाम आला. पण मग कसं कोण जाणे, हात लागला. एकसारखा. श्वास चालावा तसा. अन् लाकडावर पाकळी उठायला लागली, एक, तिच्याशेजारी दुसरी, दोघींच्या मधी रेघ... मामा बघतच राहिले. हात थांबला न्हाई, पण बोलायला लागले, माझ्याकडं न बघता.

"सर, शेतातल्या मोटरीला आता आमच्या पोरानं, आलोकनं, मोबाईल लावलाय. घरात पलंगावर पडून बटन दाबतं पोरगं, तिकडं पानी चालू. चांगलं हाय. रात्रीबेरात्री जायाचं न्हाई, साप न्हाई, विंचू न्हाई. पन मला कुनी म्हनत न्हाई आता, की आबा, मोटर चालू करून या. मी जातो कवाकवा विहिरीवर. नुसता बसून येतो. ती आपली आपून चालू होती, आपून बंद होती."

खरं सांगू, मला वाईट वाटलं, लई वाईट वाटलं. सगळ्यात फास मोटर त्यांनी का घेतली असेल, ते मला तेव्हा कळलं. पण कळून काय करता, कटर चालू होतं, हात हलवला असता तर पाकळी गेली असती. मी एवढंच म्हणलं, "मामा, थांबू नका, लई बरं जमायलंय." अन् म्हातारा असा हसला... धोंड्याच्या दिवशी मला जमलं न्हाई तसा हसला.

चारी खांब झाले! वर्षाराणीला मुलगी झाली, बारशाला पाळणा गेला, बायका गाणं सोडून खांबावर हात फिरवायल्या. माधवराव सुद्धा आले होते, फुटक्या टाकीचं दुःख विसरून म्हणाले, "दयानंदराव, अप्रतिम!" अन् मामा पाळण्याला टेकून उभे, येईल त्याला सांगायलेत, "ही कशाची कमाल हाय माहीत हाय का? मोटरीची! अठ्ठावीसशे ऐंशी! मी दिल्याली!" दांड्याचं नाव न्हाई! स्वतःचं नाव न्हाई! माझं तर सोडूनच द्या! मी बाजूला उभा राहून घुगऱ्या खाल्ल्या. म्हणलं जाऊ दे, सुटलो. पाळणा झाला, इज्जत वाचली, मामा आपल्या गावात, मोटर माझ्या गच्चीवर, संपलं.

संपलं?

बारसं झालं, आम्ही लातूरला आलो, अन् चार दिवसांत दारात मामा. हातात पिशवी. पिशवीत दोन धोतरं, चष्मा, तंबाखूची डबी. म्हणलं, मामा, अचानक? "अचानक कशाचं? लाकूड वाट बघायलं असंल की! आता चौरंग करू. मंग देव्हारा. गावातल्या लोकांना पाट पायजेत, मी हो म्हनून आलोय." अन् सरळ गच्चीवर!

तेव्हापासून जे हाय ते असं हाय. सकाळी चहाच्या आधी शेडमधून आवाज, "सर, चला!" शाळा सुरू झाली, मी वर्गात फळ्यावर फुलदाणी काढायलोय, खिशात फोन थरथरायलाय, "सर, कवा येताव? मी दांडा धरून बसलोय." इतवार न्हाई, सण न्हाई, मित्र न्हाई. मला सर्दी झाली तर म्हणतात, "भुसा नाकात गेला की सर्दी पळती, चला!" माझा नाद होता हो तो! नाद म्हणजे मनात आलं तर करायचं, न्हाई आलं तर झोपायचं! आता मीच त्यांच्या दांड्याला बांधलोय. लाकूड फिरतंय पंचवीस, अन् मी फिरतोय अठ्ठावीसशे ऐंशी!

काल शेवटी धीर केला. पूनम भाजी आणायला गेली होती, मामा वर होते, मी हळूच सासूबाईंना फोन लावला. गोडीनं म्हणलं, "मामी, मामांना करमत नसेल इथं. शेत, घर, तुम्ही, सगळं तिकडं. कवा येऊ त्यांना सोडायला?"

तिकडून भांडी घासल्याचा आवाज थांबला. सासूबाई लई निवांत वाटल्या. माझ्या अख्ख्या संसारात मी त्यांना एवढं निवांत ऐकलं न्हाई.

"सोडायला? कशाला सोडायला, जावई? दांडा धरायला पैल्यांदा बसले तवा अधिक महिनाच चालू होता न्हवं?"

म्हणलं, "हाव."

"मग झालं की," सासूबाई म्हणाल्या. "वाण हाय ते. परत करता येत न्हाई."